हाडात शिसं उणे कसं असेल?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हाडातलं शिसं मोजण्याच्या तपासणीचा कागद हातात पडला की निम्मी माणसं हेच विचारतात. त्यावर लिहिलेलं असतं, एका ग्रॅम हाडाच्या खनिजात उणे २ मायक्रोग्रॅम शिसं, अधिक-उणे ४. ‘अहो, नसलेल्यापेक्षाही कमी? मशीन बिघडलंय का?’

मशीन धडधाकट आहे. ते काय करतं ते आधी ऐका. नडगीच्या हाडासमोर कॅडमियम-१०९चा चिमुकला स्रोत असतो. त्यातून ८८.०३४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण निघतात. शिशाच्या अणूतला अगदी आतला इलेक्ट्रॉन उखडायला ८८.००५ लागतात. म्हणजे कुलपात किल्ली जेमतेम बसावी तसा मेळ. मला अजूनही त्याचं नवल वाटतं. इलेक्ट्रॉन गेला की रिकाम्या जागी वरचा उतरतो आणि शिशाच्या खास ओळखीचा क्ष-किरण बाहेर पडतो, बहुतेक ७५च्या आसपासचा. तुम्ही अर्धा तास पाय न हलवता बसता, तेवढ्या वेळात आम्ही हे किरण मोजतो. किरणोत्साराची मात्रा दाताच्या एक्स-रेपेक्षाही कमी असते.

रक्त तपासून भागत नाही का, तर नाही. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्मं होतं, त्यामुळे रक्त अलीकडचं सांगतं. मोठ्या माणसाच्या शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त शिसं कॅल्शियमच्या जागा बळकावून हाडात बसलेलं असतं, तेही वर्षानुवर्षं.

आता उणेचं. शिशाचे किरण कोऱ्या कागदावर येत नाहीत. पायाच्या मांसातून, हाडातून विखुरलेल्या किरणांचा एक मोठा डोंगर ६६-६७च्या आसपास उभा असतो आणि शिशाचं टेकाड त्याच्या उतारावर. आम्ही एकूण मोजणीतून उताराचा अंदाज वजा करतो. किरणांची मोजणी म्हणजे पाऊस मोजण्यासारखी, तीच सर दोनदा तशीच पडत नाही. शिसं जवळपास नसेलच, तर वजाबाकी कधी शून्याच्या वर येणार, कधी खाली.

पण उणे आकड्याचं आणखी एक कारण असू शकतं, आणि ते आमच्या पदरचं असतं. तीच या कामातली खरी मेख. यंत्राला मायक्रोग्रॅम कळत नाहीत, ते शिकवावे लागतात. त्यासाठी प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये ठरावीक शिसं कालवून नकली हाडं करतात, त्यांना फँटम म्हणतात. प्रत्येकाची मोजणी करून, घातलेल्या शिशासमोर ती मांडून सरळ रेघ काढायची. मोजायचं मात्र गुणोत्तर: शिशाचे किरण भागिले ऊर्जा न गमावता परतलेले ८८चे किरण. हे परतलेले किरण जवळजवळ सगळे हाडातल्या खनिजाकडूनच येतात. म्हणून पाय जाड असो, बारीक असो, जरा मागे सरको, दोन्ही संख्या जवळपास सारख्याच घटतात आणि गुणोत्तर टिकतं. (प्लास्टर आणि हाडाचं खनिज किरण सारखे परतवत नाहीत, तो फरक एका गुणकाने सावरून घेतो.)

रेघ शून्यातून जायला हवी. जात नाही! ज्यात शिसं घातलेलंच नाही त्या फँटममध्येही थोडं सापडतं, कारण प्लास्टरमध्ये ते मुळातच असू शकतं. नवशिका माणूस शून्यापाशी रेघेची ही जादा उंची जशीच्या तशी माणसाच्या मोजणीतून वजा करतो. मीही केली होती. प्लास्टरचं पाप हाडाच्या माथी, आणि सगळे आकडे खाली घसरले. आता मी शिशाच्या दोन वेगळ्या ऊर्जांच्या क्ष-किरणांवरून (त्यांची नावंच अल्फा आणि बीटा) ही उंची तपासते. दोन्हीकडून शिशाचं प्रमाण एकच निघालं, तर भेसळ प्लास्टरची. निराळं निघालं, तर उताराचा आमचा अंदाज चुकतोय.

मग उणे आकड्याच्या जागी शून्य का लिहीत नाही? एकट्याच्या कागदावर लिहिलं असतं तर फारसं बिघडलं नसतं. पण शेकडो माणसांची सरासरी काढताना खालचे आकडे पुसले आणि वरचे ठेवले, तर सगळ्यांच्या हाडात आमच्या पेनानेच शिसं भरलं जातं.

तुमच्या उणे २चा अर्थ इतकाच की आमच्या यंत्राला दिसेल एवढं शिसं तुमच्या नडगीत नाही. असा एखादा आकडा आला तर मी चहा प्यायला जाते. ओळीने दहा-बारा आले, की मात्र कपाट उघडून बिनशिशाचा फँटम बाहेर काढते.