बंद वाड्यातली गाडी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. इंदूरमध्ये मी जुन्या गाड्यांचं काम करतो हे कळलं, की लग्नात असो नाहीतर सराफ्यात, लोक गाठून हेच विचारतात: "काय हो, होळकरांची एखादी गाडी अजून कुठल्या बंद वाड्यात धूळ खात पडली असेल का?"

त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा यशवंतराव महाराजांची १९३५ची ड्यूझनबर्ग असते. लंडनच्या गर्नी नटिंग कंपनीने बॉडी बांधलेली, केशरी-काळी. ती कुठे हरवलेली नाही, कित्येक वर्षं अमेरिकेतल्या संग्राहकांकडे आहे.

पोर्तुगालची गोष्टही कानावर आली असेल. निवृत्त जोडप्याने शेत विकत घेतलं, तिथल्या कोठाराची दारं वेल्डिंग करून बंद होती, उघडली तर आत १८० जुन्या गाड्या! गोष्टीबरोबर फिरलेले फोटो खरे होते, जोडपं नव्हतं. एका गाडीविक्रेत्याने १९७०-८०च्या दशकांत आवडलेल्या गाड्या विकायच्या ऐवजी तिथे ठेवल्या आणि कोठार भरल्यावर दारं वेल्ड करवली. आत काय आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दंतकथेने नेमका तोच माणूस गाळला, याचं मला फार वाईट वाटतं. इटली-स्वित्झर्लंड सीमेवरच्या माजोरे सरोवराच्या तळातून २००९ साली काढलेल्या १९२५च्या बुगाटीचंही तेच. पत्त्यांच्या डावात हरलेली गाडी म्हणून तिची आख्यायिका जगभर फिरली. पण तिथल्या पाणबुड्यांना ती १९६७पासून माहीत होती, ५० मीटरांहून खोल जाऊन ते तिला बघून यायचे.

म्हणून कुणी पत्ता सांगितला, की मी आधी विचारतो, त्या घरात आता कोण राहतं?

रामबागेतल्या एका वाड्याबद्दल फोन आला होता. "महाराजांची गाडी आहे, भिंत पडायच्या आत घेऊन जा," असं तिथला पुतण्या म्हणाला. गेलो. ताडपत्रीखाली लँडमास्टर निघाली. मॉरिस ऑक्सफर्डवरून हिंदुस्तान मोटर्सने १९५०च्या दशकात काढलेली, अँबेसेडरच्या आधीची. चारही टायर बसलेले, वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, टाकीतल्या पेट्रोलची राळ झालेली. पण बॉनेटवर हळदकुंकवाचे थर होते, खालचे काळपट आणि सगळ्यात वरचा ताजा. आरशाला झेंडूची सुकलेली माळ.

"यांची गाडी," मागून काकू म्हणाल्या. "खंडेनवमीला पूजा करते मी. तुम्हाला कुणी बोलावलं?"

पुतण्या खाली बघत राहिला. गाडी विकायची नाही हे काकूंनी तिथेच सांगितलं. ट्रंकेतून नोंदणीचं पुस्तकही काढून दाखवलं, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं. २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, त्यासाठी २०,००० रुपये भरावे लागतात. बहुतेक ठिकाणी गाडी सापडते, कागद सापडत नाहीत.

मी फक्त इंजिन सोडवून देतो म्हणालो. इतकी वर्षं उभ्या गाडीला बॅटरी लावून स्टार्टर मारणं म्हणजे तिचा जीव घेणं. गंजाने चिकटलेल्या पिस्टनच्या रिंगा तुटतात, सिलिंडरला ओरखडे जातात. चारही प्लग काढून भोकांतून तेल सोडलं आणि आठ दिवस हात लावला नाही. मग पान्याने क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, फिरवून पाहिला. हलेना. आणखी चार दिवस थांबलो. नंतर केसभर सरकला, मग हळूहळू पूर्ण फिरला आणि प्लगच्या भोकांतून हवा आत-बाहेर होऊ लागली.

काकू ओसरीवरून उठून जवळ आल्या. तो आवाज त्यांनी पुन्हा करायला लावला, तीनदा.

आता दर खंडेनवमीच्या आदल्या दिवशी जातो. तेल सोडतो, इंजिन हाताने फिरवतो, ताडपत्री झटकतो. दुसऱ्या दिवसाची माळ तोवर काकूंनी ओवून ठेवलेली असते.