तिसरा चौकोन

मंगळवार, रात्री

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, माहितीपत्रकाचं प्रूफ आलंय. ए-फोरचा कागद, दोन घड्या, सहा पानं, दोन्ही बाजूंनी रंगीत. मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवरून युनिकोडमध्ये गेला आणि छापखान्यात जुन्या फॉन्टमध्ये ओतला गेला, त्यामुळे व्हायचं तेच झालं. रफार एक अक्षर पुढे सरकलेत, ऱ्हस्व वेलांट्या भलत्याच अक्षराला चिकटल्यात आणि 'ख्रिस्त' जिथे जिथे आहे तिथे तुटलाय. लाल पेन घेऊन बसलं की तासाभराचं काम. मजकूर ठरवताना कुणी विचारत नाही, काना-मात्रा मात्र नेमाने माझ्या वाट्याला. असो.

उघडल्यावर आत तीन चौकोन आहेत. आम्ही कोण, आमचं दर्शन (म्हणजे पुढचं ध्येय), आमचं नेतृत्व. पहिल्या दोनांत शब्द मावत नाहीयेत. तिसऱ्यात पाळकसाहेब आणि पाळकीणबाईंचा फोटो, खाली दोघांची नावं, त्याखाली मोबाइल नंबर. संपलं. मंडळीचा कारभार पाहणारे वडीलजन नाहीत, त्यांच्या हाताखाली कामं करणारे सेवक नाहीत, संडे स्कूल नाही. जागा नव्हती म्हणे. जागा आहे की! फोटोच बोटभर लांब आहे.

पाळकसाहेबांनी हे सांगितलं नसणार, याची मला खात्री आहे. त्यांनी बहुधा पाहिलंही नसेल. आणि तेच जास्त टोचतंय. मुद्दाम गाळलं असतं तर भांडता तरी आलं असतं. इथे कुणाला बाकीचे आठवलेच नाहीत.

पहिल्या चौकोनाबद्दल तक्रार नाही. बायबल अंतिम, वधस्तंभ केंद्रस्थानी, प्रत्येकाने स्वतः प्रभूकडे वळायला हवं, आणि विश्वास कामातून दिसायला हवा. डेव्हिड बेबिंग्टन या इतिहासकाराने १९८९ मध्ये इव्हँजेलिकल, म्हणजे सुवार्तावादी प्रॉटेस्टंट, मंडळींच्या ज्या चार खुणा सांगितल्या, त्या चारही आपल्या लोकांनी त्याचं नाव न ऐकता बरोबर उतरवल्यात. फक्त 'मराठी' कुठेच नाही. साडेआठच्या उपासनेला निम्मी माणसं नगर-जालन्याकडची, एमआयडीसी नाहीतर एपीएमसीच्या कामाला आलेली आणि मग ऐरोली-दिघ्यातच राहिलेली. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं त्यांना वहीशिवाय येतात. त्यांचीच मुलं अकराच्या उपासनेला, गिटारसमोर. त्यावर लिहायला घेतलं तर उजाडेल.

दुसऱ्या चौकोनावर बायबलमधलं नीतिसूत्रे २९:१८ छापलंय, आणि तेही अर्धंच: दर्शन नसलं की लोक अनावर होतात. दर्शनाच्या बैठकीत हे वचन कायम अर्धंच येतं. उरलेल्या अर्ध्यात नियमशास्त्र पाळणारा धन्य, असं आहे. म्हणजे गोष्ट चाललीय देवाच्या वचनाखाली राहण्याची, पंचवार्षिक योजनेची नव्हे. पण योजनाही वाईट नाही. २०३० पर्यंत दिघा ते घणसोली, प्रत्येक वस्तीत एक घरसंगती, म्हणजे कुणाच्या तरी घरी दर आठवड्याला भरणारी प्रार्थनेची बैठक. वाचायला छानच वाटतं.

पण घरसंगती वाढते कशी, हे ज्यांनी चालवलीय त्यांना विचारा. वन-बीएचकेच्या हॉलमध्ये पलंग भिंतीला लावून, चटया टाकून पंधरा माणसं बसतात. सोळावं आलं की दार उघडं ठेवावं लागतं. दार उघडलं की गाणं जिन्यात जातं, आणि मग सोसायटीचे सेक्रेटरी येतात. म्हणजे बारा-तेरावरच गट दोन व्हायला हवा. तो होत नाही, कारण दुसरा चालवणारा नसतो. आणि तो नसतो, कारण दर गुरुवारी पाळकसाहेब स्वतः येतात. ते आले की उरलेल्यांनी ऐकायचं. यजमानीणबाईंनाही तेच हवं असतं. साहेब आले तरच संगती झाल्यासारखी वाटते, नाहीतर नुसता चहा.

सहायक घडवायचा तर पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी नुसती सुरुवातीची प्रार्थना. मग गाणी ठरवणं, मग वाचन आणि त्यावर तीन प्रश्न. मग पुढारी शेजारी बसलेला असताना सगळी संगती चालवणं, आणि शेवटी तो गावाला गेलेला असताना. चौथ्या पायरीवर नेहमी घोळ होतो. शेजारी बसलेल्याला गप्प बसवत नाही. सहायक अडखळला की तो मदतीला धावतो, आणि त्या मदतीनेच सहायक संपतो.

बायबलमध्ये निर्गम १८ मध्ये इथ्रोने जावयाला, मोशेला, हेच सांगितलं होतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा बसतोस, तू झिजशील आणि लोकही झिजतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. आपल्याकडे हा अध्याय दरवर्षी वाचला जातो आणि लोकांचं लक्ष हजारांवर जातं. खरं कठीण काम दहावाल्याचं. त्याला शोधावं लागतं, आणि मग त्याच्यावर सोडावं लागतं.

पुन्हा तिथेच आले. दुसऱ्या चौकोनातलं सगळं तिसऱ्यावर उभं आहे, आणि तिसऱ्यात एक फोटो.

नव्या करारात एकटा पाळक शोधून सापडत नाही. प्रेषितांची कृत्ये १४:२३ मध्ये प्रत्येक मंडळीत वडील नेमले, ते अनेकवचनी. पौलाने आपला सहकारी तीत याला क्रेत बेटावर ठेवलं ते गावोगाव वडील नेमायला, तेही अनेकवचनी. फिलिप्पैकरांच्या पत्राच्या पहिल्याच ओळीत अध्यक्ष आणि सेवक, दोन्ही अनेक. असा पुढारी कसा असावा, याची १ तीमथ्य ३ मधली यादी घ्या. शिकवण्यात निपुण हे एवढंच कौशल्य, बाकी सगळा स्वभाव. भांडखोर नको, पैशाचा लोभी नको, घर नीट चालवणारा हवा, नुकता विश्वासात आलेला नको, बाहेरच्यांमध्ये चांगलं नाव हवं. बाहेरच्यांचं कलम मला फार आवडतं. वडील निवडताना सोसायटीच्या वॉचमनला विचारलं पाहिजे. पुढे सेवकांबद्दल म्हटलंय, आधी त्यांची पारख करा. आपण आधी सत्कार करतो.

आणि बायकांचं तर... जाऊ दे.

मंडळीचं नेतृत्व कुणाकडे आहे हे पत्रकात बघायचंच नसतं, हे मलाही कळतं. ते चार कागदांवर दिसतं.

पहिला कागद ट्रस्टचा शेड्यूल वन, म्हणजे धर्मादाय कार्यालयातली ट्रस्टची नोंद, विश्वस्तांच्या नावांसकट. विश्वस्त बदलला की १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. सभेची नोटीस, ठरावाची प्रत, जाणाऱ्याचा राजीनामा नाहीतर मृत्यूचा दाखला, येणाऱ्याची संमती. एक कागद राहिला की तारीख पडते, दोन तारखांनंतर कुणी जात नाही. मग प्रभूकडे गेलेले विश्वस्त शेड्यूलवर वर्षानुवर्षं जिवंत राहतात, आणि त्यांच्या सहीवाचून बँक हलत नाही. किती मंडळ्यांची अशी अवस्था आहे, ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसलं की कळतं.

दुसरा कागद बँकेचं सहीकार्ड. दोघांच्या सह्या लागतात आणि ते दोघे नवरा-बायको असतात, की एकाच घरातले नसतात? तिसरा अर्पणाची वही. उपासना संपल्यावर, हॉल सोडण्याआधी, एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या दोघांनी एकाच टेबलावर मोजायचं. पाचशेच्या किती, दोनशेच्या किती, चिल्लर किती, अशी फोड लिहायची. दोघांनी सही करायची आणि सोमवारी भरणा. पिशवी कुणाच्याही घरी 'मोजतो नंतर' म्हणून गेली की संपलं. चोरी होतेच असं नाही, पण शंका येते, आणि शंकेला पावती नसते. क्यूआर कोडचंही तसंच. तो ट्रस्टच्या खात्याचाच हवा. 'तोवर माझा लावू' म्हणून लावलेला कोड काढायचा दिवस कधी येत नाही.

आपली अर्पणाची वही चोख आहे. हे ट्रेझररकाकांमुळे. आणि पत्रकात तेच नाहीत!

चौथा कागद संदेशांचं, म्हणजे रविवारच्या प्रवचनांचं, वेळापत्रक, आणि सगळ्यात खरं तेच बोलतं. बावन्न रविवारांत व्यासपीठावर किती वेगळी माणसं उभी राहिली? पाळक गावाला गेले की बाहेरचा पाहुणा बोलावणारी मंडळी आणि आपल्यातला माणूस उभा करणारी मंडळी, दहा वर्षांनी दोन वेगळ्या ठिकाणी असतात. पाहुणा आवडता संदेश घेऊन येतो, मानधन घेऊन जातो. आपला माणूस अडखळतो, पण पुढच्या रविवारी इथेच असतो. त्याला महिनाभर आधी उतारा द्यायचा, आवडीचा निवडू द्यायचा नाही. दोन आठवडे आधी टिपणं बघायची. वीस मिनिटं द्यायची. काय चुकलं ते हॉलमध्ये नाही सांगायचं. चार दिवसांनी, एकट्याला, चहा घेताना.

हे का करत नाहीत लोक? वाईटपणा हे कारण नसतंच. स्वतंत्र मंडळी ज्याने उभी केली, त्याने ती आपल्या बैठकीच्या खोलीत सुरू केलेली असते. भाड्याचा हॉल मिळवताना त्याच्याच चपला झिजलेल्या असतात. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) नाहीतर मेथॉडिस्ट मंडळीत पाळकांची बदली होते, लोक रडतात, कुरकुर करतात, आणि नकळत शिकतात की पाळक गेले तरी मंडळी राहते. आपल्याकडे बदली नाही. ज्या गोष्टीचा सराव नाही ती एकदाच होणार, आणि तीही अचानक.

मोशेने सराव ठेवला होता. गणना २७ मध्ये तो स्वतःच देवाला म्हणतो, मंडळीवर माणूस नेम, ती बिनमेंढपाळाच्या मेंढरांसारखी होऊ नये. त्याला गेर्षोम आणि अलीएजर असे दोन मुलगे होते. नेमला गेला यहोशवा, एफ्राईमच्या वंशातला. तेही सगळ्या मंडळीपुढे उभा करून, डोक्यावर हात ठेवून. घरात ठरवून नाही. आणि यहोशवाने मात्र मागे कुणाला नेमल्याचं लिहिलेलं नाही. त्यापुढचं पुस्तक शास्ते. ते कसं संपतं ते माहीत आहेच: जो तो आपल्याला बरं दिसेल ते करू लागतो.

आपल्या मराठीतलंच बघायचं तर टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ मांडला, १९१९ मध्ये ते गेले, आणि दरबार फार काळ उभा राहिला नाही. केडगावला उलट झालं. पंडिता रमाबाईंच्या मागे त्यांची मुलगी मनोरमा, असंच सगळे धरून होते. मनोरमा जुलै १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. वारसही नाही आणि संस्थापकही नाही, तरी रमाबाईंचं मुक्ती मिशन आजही चालू आहे. कारण स्वयंपाकघर, छापखाना, शेत, शाळा, प्रत्येक कामाला चालवणारे हात आधीच होते. एक मोठं माणूस गेलं की किती कामं थांबतात, यावरून त्या माणसाचं नेतृत्व मोजलं तर? मला हा हिशोब पाळकसाहेबांपुढे मांडायचाय, पण कसा मांडू? ते म्हणतील, 'तुम्हाला मी जायला हवाय का?' आणि हसतील. आणि मग मलाच रडू येईल.

बुधवार

रात्रीचं वाचलं. फारच पेटलेलं आहे.

वस्तुस्थिती अशी की वडीलजनांचे फोटो मागितले तर पत्रक नाताळपर्यंत निघणार नाही. थोरले वडील मतदार ओळखपत्रावरचा फोटो देतील. जालन्याचे काका 'माझं नाव कशाला' म्हणतील, आणि नाव गाळलं तर बोलायचे बंद होतील. दिघ्याच्या मावशी फोटो देतील, पण तो नातवाच्या बारशातला असेल आणि त्यात नातूही असेल. मानाच्या क्रमाने नावं लावायची तर क्रम ठरवायला बैठक लागेल, त्या बैठकीला कोरम लागेल.

शिवाय सगळी नावं, घरांचे पत्ते असं काही छापायचंही नाही. हल्लीच्या दिवसांत घरसंगतीचे पत्ते कागदावर नकोतच. का, ते लिहायची गरज नाही.

मग चौकोन असा करायचा. फोटो निम्मा. खाली पदं नाहीत, कामं: आजारी कुणी असेल तर, दफनविधीची सोय, बाप्तिस्म्याचा वर्ग, संडे स्कूल, घरसंगतीला यायचं असेल तर, हिशोब पाहायचा असेल तर. प्रत्येकापुढे एकच आडनाव, आणि नंबर मंडळीच्या कार्यालयाचा. क्रम कामांचा, म्हणून कुणी रुसायचं कारण नाही. रुसतीलच, पण कमी. सहा ओळी आहेत, नऊ पॉइंटात बसतात. पाळकसाहेबांना सकाळी फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, 'हे आधी का नाही सुचलं कुणाला?' आणि लगेच विचारलं, 'माझा नंबर तरी राहू द्या, रात्री-बेरात्री लोक मलाच करतात.' मी म्हटलं, साहेब, म्हणूनच काढतेय. थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, 'मिसेसना विचारतो.'

संदेशांचं वेळापत्रकही याच झटक्यात मागून घेतलं. ऑगस्टचा तिसरा रविवार जालन्याच्या काकांना. उतारा १ पेत्र ५:१-४, वडिलांनी कळप कसा पाळावा त्याबद्दलचा. वीस मिनिटं म्हणून बजावलंय, ते पस्तीस घेणार. संडे स्कूलवाल्यांना सांगून ठेवायला हवं की त्या दिवशी एक जास्तीचं चित्र रंगवायला द्या, नाहीतर मुलं दहालाच सुटतील आणि शाळेच्या जिन्यावर धावतील, आणि हॉलच्या भाड्याचा करार नोव्हेंबरात संपतोय.