दहा डिग्रीला!

खंडेनवमीला आमच्या कंपनीतलं पहिलं भांडण माझ्या दारात होतं. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतली मध्यम आकाराची कंपनी, गाड्यांचे पार्ट बनवणारी. त्या दिवशी लेथ, ग्राइंडर, सीएनसी, फोर्कलिफ्ट, झालंच तर पाण्याचा कूलर, सगळ्यांना झेंडूची माळ आणि हळदीकुंकू मिळतं. माझ्या स्टँडर्ड रूममधल्या, म्हणजे पार्टची मापं तपासायच्या खोलीतल्या, सीएमएमला मात्र मी कुणाला हात लावू देत नाही. ते मोजमापाचं मशिन काळ्या ग्रॅनाइटच्या टेबलावर उभं आहे आणि त्याचे हात हवेच्या काही मायक्रॉन जाडीच्या थरावर सरकतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यात हळदीची धूळ गेली तर नवस बोलूनही रीडिंग जागेवर येणार नाही.

"मॅडम, निदान नारळ तरी टेबलावर फोडू द्या," मेंटेनन्सचे दादा दरवर्षी म्हणतात.

"ग्रॅनाइटवर?"

"दगडच आहे ना!"

शेवटी तडजोड ठरलेली. माळ काचेच्या दाराला बाहेरून, आणि नारळ शेजारच्या ग्राइंडरच्या पायाशी. बावीस वर्षं हेच चाललंय, तरी भांडण झाल्याशिवाय कुणाला पूजा झाल्यासारखी वाटत नाही. मलासुद्धा.

माझी खोली बारा महिने 20 डिग्रीवर असते. मापाचं तापमान जगभर तेच धरतात. बाहेर ऑक्टोबरचं ऊन तापलेलं आणि मी आत स्वेटर घालून, थंडी जास्त वाटली की कानाला स्कार्फ बांधून बसलेली. दार कुणी उघडं टाकलं की मी ओरडते. मशिनवरून उतरलेला गरम जॉब, म्हणजे पार्ट, घेऊन कुणी आलं की त्याला ट्रेमध्ये ठेवून परत पाठवते, दोन तासांनी ये म्हणून. माणसं वैतागतात. त्यांचं चुकत नाही, त्यांना डिस्पॅच असतं.

एका वर्षी नवरात्राच्या आधी सिन्नरहून येणारा एक अॅप्रेंटिस पोरगा रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे यायला लागला. "मॅडम, 20 डिग्रीच का?" "मॅडम, लोखंड वाढतं म्हणजे नेमकं किती?" वहीत लिहून घ्यायचा. मीही रंगात येऊन सांगायची. त्याच्या वहीत मी माझ्या हाताने लिहून दिलं होतं, की 100 मिलिमीटरचा पोलादाचा तुकडा 10 डिग्री तापला की साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतो. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास, तेव्हा ही वाढ डोळ्याला दिसायची नाही, पण बेअरिंग बसवताना बरोबर आडवी येते. घरी जाऊन मी मुलीला म्हटलंसुद्धा, "इतक्या वर्षांत एक तरी पोरगा निघाला बाई."

पोरगा नाटुकलं बसवत होता. पूजेनंतर कँटीनमध्ये करमणुकीचा कार्यक्रम असतो, त्यासाठी.

टेबलं भिंतीला लावली होती, मॅनेजमेंट पहिल्या रांगेत आणि मी दुसऱ्या. पोरगा आला तो माझा स्वेटर घालून. म्हणजे अगदी तसलाच, मोरपंखी रंगाचा. कानाला स्कार्फ, नाकावर कालिका यात्रेतून आणलेला प्लास्टिकचा भलामोठा चष्मा. मागून आवाज आला, "आली रे आली, मायक्रॉन मावशी!" हे आपलं नाव आहे हे मला त्या दिवशी कळलं. बहुतेक दहा वर्षांपासून असावं.

"दार लावा!" पोरगा ओरडला. हशा. "मायक्रॉन!" पुन्हा हशा. "मायक्रॉन" म्हणण्यात हसण्यासारखं काय आहे, हे मला कळेना. त्याने पुढे काही जोडलंही नव्हतं, नुसता शब्द उच्चारला होता. मीही हसत होते, गालाला रग लागेल असं.

आणि मला आमच्या घरातला टीव्ही आठवला.

माझी लेक इंजिनिअरिंगला आहे. तिने लॉकडाऊनमध्ये मला 'द बिग बँग थिअरी' दाखवायला घेतली होती. अमेरिकेत ती 2007 ते 2019 अशी बारा सीझन, 279 भाग चालली, सीबीएस नावाच्या वाहिनीवर. सीबीएस म्हटल्यावर नाशिककराच्या डोळ्यापुढे बसस्टँड येतो, तर ते असो. कॅलटेक या विज्ञानसंस्थेतले चार पढीक तरुण, समोरच्या घरात राहायला आलेली एक साधी, देखणी मुलगी आणि त्यांचं जमणं-न जमणं. आम्ही दोघी पोट धरून हसायचो. मग एक दिवस लेक म्हणाली, "आई, लक्ष दे. तो 'स्ट्रिंग थिअरी' म्हणाला की लगेच हशा. विनोद झालाच नाहीये अजून."

आम्ही खरंच मोजायला लागलो. बरेचसे हशे नुसत्या शब्दावर होते. कॉमिक्सच्या दुकानाचं नाव, एखादं समीकरण, एखादा खेळ. पुढे लेकीने मला इंटरनेटवरच्या त्या फिती दाखवल्या, ज्यांत कुणीतरी मागचा हशा काढून टाकलाय. त्या बघताना अंगावर येतं, माणसं एकमेकांना नुसती टोचून बोलताना दिसतात. "बघ, हा खरा चेहरा," लेक म्हणाली. मी म्हटलं, ही मोजायची पद्धत चुकीची आहे. ते चित्रीकरण प्रेक्षकांपुढे व्हायचं, लोक हसले की नट थांबायचे. तुम्ही हशा काढला आणि थांबणं तसंच ठेवलं, तर त्या रिकाम्या जागेत कुणीही दुष्टच दिसेल. तव्यावरची पोळी काढून नुसता तवा मोजल्यासारखं झालं. लेक म्हणाली, तू सगळीकडे कॅलिब्रेशन काढतेस. मोजायचं साधनच बरोबर मोजतंय का, ते तपासणं.

त्या मालिकेच्या बाजूनेही बोलायला हवं. मागच्या फळ्यावरची समीकरणं खरी असत. डेव्हिड साल्ट्झबर्ग नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ती बघून देत. मालिकेत एमी नावाची शास्त्रज्ञ झालेली मायिम बियालिक स्वतः मेंदूविज्ञानात पीएचडी. मालिका रचणाऱ्या दोघांपैकी बिल प्रेडी आधी प्रोग्रॅमर होता. म्हणजे ज्यांना हसायचं त्यांच्यातलेच लोक आत बसलेले. पहिल्याच सीझनमध्ये त्या चौघांतला शेल्डन एका पार्टीला डॉप्लर परिणामाचा वेश करून जातो. जवळ येणाऱ्या गाडीचा आवाज चढा आणि दूर जाणारीचा उतरता ऐकू येतो, कारण लाटा पुढे दाटतात आणि मागे विरळ होतात, तो हा परिणाम. म्हणून अंगावर एकीकडे दाट आणि दुसरीकडे विरळ होत गेलेले काळे-पांढरे पट्टे. ज्याला ठाऊक नाही त्याला तो झेब्राच वाटणार, आणि तो त्याच्या फजितीला हसणार. ज्याला ठाऊक आहे त्याला पट्टे बघूनच गुदगुल्या होतात. हशा दोघांचा एकच ऐकू येतो. कुणाचा कुठला, हे टीव्हीवरून मोजता येत नाही.

कँटीनमध्ये मात्र आलं.

नाटुकल्यात मावशी घरी जाते. सासू (स्टोअर्समधला मिशीवाला हेल्पर, डोक्यावर पदर) ताटात गरम भाकरी वाढते. मावशी खिशातून व्हर्नियर काढते आणि परत ठेवते.

"थांबा आई, 20 डिग्रीला येऊ द्या. आत्ता मोजली तर ओव्हरसाइज दाखवेल."

इथे हॉल दोन भागांत फाटला. अकाउंट्स आणि एचआरवाले पहिल्यासारखेच थोडेसे हसले. ग्राइंडिंगची सगळी रांग मात्र मांड्यांवर थापा मारायला लागली. ग्राइंडरवरून उतरलेला जॉब गरम असताना मापात दिसतो आणि थंड झाला की अंडरसाइज निघतो, हे त्यांच्याच पगारातून शिकलेले लोक ते.

"अगं, तोवर कडक होईल की ती!"

"मग हार्डनेस टेस्टिंगला पाठवू."

हीट ट्रीटमेंटचे, म्हणजे लोखंड तापवून कडक करायच्या खात्यातले, म्हातारे ऑपरेटर खुर्चीतून पडायचे बाकी राहिले. अकाउंट्सची मॅडम मला कोपराने ढोसून विचारत होती, "काय झालं? काय म्हणाला?" मी खरी हसले ती तेव्हा. त्या पोराने माझ्याकडे बसून दोन आठवडे जे लिहून घेतलं होतं, त्याची भाकरी केली होती.

मग तो प्रेक्षकांकडे वळला आणि माझ्याच आवाजात, बोट उंचावून म्हणाला, "लक्षात ठेवा! 100 मिलिमीटरचा तुकडा एका डिग्रीला साडेअकरा मायक्रॉन वाढतो!"

"दहा डिग्रीला!"

हे कोण ओरडलं म्हणून मी आजूबाजूला बघितलं. मी उभी होते.

त्या दिवशीचा सगळ्यात मोठा हशा तो. मॅनेजिंग डायरेक्टर डोळे पुसत होते. पोराने चष्मा काढला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "बघितलंत? मी नक्कल करतोय, ओरिजिनल तिकडे बसलंय."

चहाच्या वेळी मी त्याला गाठलं. वहीत तर बरोबर लिहून दिलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही गप्प बसणार नाही यावर पाचशेची पैज होती." जिंकली. राग यायला हवा होता, तो फारसा आला नाही. रिजेक्शनचा लाल टॅग माझ्या हातात असतो, उद्या त्याचा जॉब माझ्याच टेबलावर यायचाय. हसून सोडून देणं मला परवडतं.

पण मधला एक तुकडा मी अजून सांगितला नाही.

माझ्या हाताखाली एक मुलगा आहे. आयटीआय झालेला, सव्वीस वर्षांचा. कंपनीत साडेचारशेच्या वर गेज, म्हणजे माप तपासायची हत्यारं, आहेत. कुठल्या गेजचा नंबर काय आणि कॅलिब्रेशन कधी संपतंय, हे त्याला कॉम्प्युटर उघडण्याआधी ठाऊक असतं. तो भिंतीच्या कडेने चालतो, बोलताना समोरच्याकडे बघत नाही, आणि आकडे पुटपुटत असतो. नाटुकल्यात मावशीच्या मागून एक पोरगा भिंतीला घासत, मान खाली घालून, ओठ हलवत गेला. परत आला. पुन्हा गेला. संवाद एकही नाही. सगळे हसले, ग्राइंडिंगवाले, अकाउंट्सवाले, सगळे सारखेच. ते समजायला कुणाला काही ठाऊक असायची गरज नव्हती.

मीही हसले. एवढं लिहून ठेवते.

मागे वळून बघितलं तर त्याची खुर्ची रिकामी होती.

ती मालिका मला तिथे खुपते. राज नावाचा दिल्लीचा शास्त्रज्ञ पोटात दारू गेल्याशिवाय बाईशी एक शब्द बोलू शकत नाही, आणि तो विनोद सहा सीझन पुरवला. शेल्डन दारावर तीनदा ठोकतो, ठरलेल्या जागीच बसतो, टोमणा कळत नाही. निर्मात्यांनी त्याला कुठलंही निदान चिकटवायचं टाळलं, आणि त्यामुळे हसणाऱ्यालाही मोकळीक मिळाली. डॉप्लरचे पट्टे त्याने हौसेने घातलेत. दार तीनदा ठोकणं त्याने निवडलंय का?

आपल्याकडे हे सगळं आणखी वेगळ्या वळणाने जातं. कॉलेज रोडला क्लासवाल्यांच्या फ्लेक्सवर ढापण्या पोरांचेच फोटो असतात, नावाखाली टक्के. त्यांना कोण हसतंय? वर्गात 'स्कॉलर' म्हणून चिडवतात आणि आई त्याच्याकडे बघून आपल्या पोराला बोल लावते. हसू होतं ते ज्याचं डोकं मार्कलिस्टमध्ये उतरलं नाही त्याचं. समर्थ रामदास आमच्याच टाकळीला बारा वर्षं राहिले. दासबोधात त्यांनी मूर्खांची लक्षणं सांगून झाल्यावर पढतमूर्खांसाठी वेगळा समास लिहिला. पण त्यांची चीड शिकून गर्वाने वागणाऱ्यावर होती. भिंतीच्या कडेने चालणारा त्या यादीत कुठे बसत नाही.

दसऱ्याची सुट्टी झाली. त्यानंतरच्या दिवशी मी आठला पोचले तर माझ्या हाताखालचा तो मुलगा आधीच आलेला. दाराला बाहेरून झेंडूची सुकलेली माळ तशीच होती. रजिस्टरमध्ये त्याच्या बारीक अक्षरात तापमान लिहिलेलं, 20.1. नाटुकल्यातल्या पोरांनी बांगड्या मोजायला घेतलेला प्लग गेज, भोकाचं माप तपासायचा, कँटीनमधून परत आला होता, आणि मुलगा तो पेट्रोलच्या फडक्याने पुसत होता. गेजचं एक टोक हिरव्या खुणेचं, 'गो', ते भोकात जायला हवं. दुसरं लाल, 'नो-गो', ते आत गेलं तर जॉब रिजेक्ट.

काय बोलावं ते मला बसमध्ये सुचलं होतं, त्यातलं काही तोंडातून निघेना. मी म्हटलं, "परवा लवकर गेलास."

तो गेजकडेच बघत राहिला. मग म्हणाला, "बांगड्यांच्या सीनमध्ये त्याने लाल बाजू आधी घातली."

"हो?"

"आणि ती आत गेली." थोडं थांबून, "सगळ्या बांगड्या रिजेक्ट."

मी हसले. तो हसला की नाही ते दिसलं नाही, त्याने मान खाली घातली होती. मग म्हणाला, "मॅडम, दार उघडं राहिलंय."