बीटा-ब्लॉकर आणि पांढरी पडणारी बोटं : गोळी बदलतानाचा माझा अनुभव

रक्तदाबासाठी अटेनोलॉल ही बीटा-ब्लॉकर गटातली, म्हणजे हृदयाचा वेग आणि जोर कमी करणारी गोळी सुरू झाली आणि गार बाटली हातात धरली तरी बोटांची टोकं पांढरीफटक पडू लागली. मग ती निळसर व्हायची आणि ऊब मिळाली की लालबुंद होऊन ठणकायची. याला रेनॉ म्हणतात. पांढरा भाग जिथे संपतो तिथली रेघ ठळक दिसते. नुसत्या गार हातांना ती नसते. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं पूर्ववत होतं, त्यामुळे मोबाइलवरचे फोटोच कामी आले.

रक्तवाहिन्या सैल करणारे बीटा-२ रिसेप्टर (पेशींवरचे संदेश झेलणारे भाग) गोळीमुळे अडतात, त्या आवळणारे अल्फा रिसेप्टर मात्र मोकळेच राहतात. शिवाय हृदयातून रक्तही कमी जोराने येतं. याच गटातलं प्रोप्रानोलॉल बीटा-१ आणि बीटा-२ दोन्ही अडवतं. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांचा रोख हृदयातल्या बीटा-१ वर असतो, पण डोस वाढला की तो ढळतो. काचबिंदूच्या टिमोलॉल थेंबांनीही असा त्रास होऊ शकतो, आणि औषधांची यादी सांगताना नेमके थेंबच राहून जातात.

गोळी परस्पर बंद करायची नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. अचानक थांबवली तर नाडी धावते, रक्तदाब उसळतो, हृदयरोग असेल तर झटकाही येऊ शकतो. डोस साधारण एक ते दोन आठवड्यांत उतरवतात. माझाही तसाच उतरवून अम्लोडिपिन दिलं. ते रक्तवाहिन्या सैल करतं, म्हणून रेनॉलाही उपयोगी. घोट्यांवर सूज येऊ शकते. हृदयासाठी बीटा-ब्लॉकर हवाच असेल, तर रक्तवाहिन्या सैल करणारे कार्व्हेडिलॉल किंवा नेबिव्होलॉल चालतील का, हे डॉक्टरांना विचारावं.

सगळा दोष गोळीवर टाकू नये. त्रास चाळिशीनंतर सुरू झाला असेल तर एएनए (शरीराच्या स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी) ही रक्ततपासणी करतात आणि नखांच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्या भिंगातून बघतात, कारण मागे स्क्लेरोडर्मा (त्वचा कडक करणारा स्वयंप्रतिकार आजार) असू शकतो.

सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन, अर्धशिशीवरचं एर्गोटामिन आणि तंबाखू रक्तवाहिन्या आणखी आवळतात. बोटं कोमट पाण्यात बुडवावीत, कढत नको. बधिर बोटाला चटका कळत नाही. गार बोटावर ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवतो, आधी हात शेकून घ्यावा. टोकाला जखम झाली, त्रास एकाच हाताला असला किंवा ऊब देऊनही रंग परतला नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.