ऑगस्टमधली ब्लँकेटं

परवा माळा आवरायला घेतला आणि ती चार ब्लँकेटं परत हाताला लागली, प्लास्टिकसकट, एकदाही न उघडलेली. 2024 च्या पुरातली. टाकवत नाहीत आणि वापरवतही नाहीत, म्हणून आज त्यांच्यावर लिहायलाच बसले.

बडोदेकरांना वेगळं सांगायला नको, तो जन्माष्टमीचा सोमवार होता, 26 ऑगस्ट. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता आणि जो तो मोबाईलवर दोनच आकडे बघत होता, आजव्याच्या धरणाची लेव्हल किती आणि काळ्या घोड्याच्या पुलाशी नदीची किती, आमच्याकडे पावसाळ्यात हे क्रिकेटच्या स्कोरसारखं विचारतात. मंगळवारी शहरातली विश्वामित्री नदी 37 फुटांपर्यंत चढली. आम्ही कारेलीबागेत तळमजल्याला, 2019 ला पाणी पायरीपर्यंत येऊन परत गेलेलं त्यामुळे अंगात जरा मस्ती होतीच, फ्रिज दोन-दोन विटांवर ठेवला आणि झालं आपलं काम म्हणून निवांत बसलो. रात्री पाणी कमरेच्या वर गेलं. वरच्या मजल्याच्या जिन्यातून बॅटरी मारून बघितलं तर फ्रिज विटांवरून उठून आडवा तरंगत हॉलमध्ये आलेला, दार उघडं, आणि श्रीखंडाचा डबा सोफ्याच्या भोवती गोल गोल फिरतोय. रडू यायच्या ऐवजी मला हसूच फुटलं, ह्यांना वाटलं हिच्या डोक्यावर परिणाम झाला.

दोन रात्री वरच्या पटेलांकडे आम्ही अकरा माणसं. लाईट नाही, मोबाईल बंद. खाली उतरायची सोय नाही कारण पाण्यात काय असेल सांगता येत नाही, त्या तीन-चार दिवसांत वस्त्यांमधून दोन डझनच्या आसपास मगरी धरल्या, ही अतिशयोक्ती नाहीये. बुधवारी बोट आली. जरोदला एनडीआरएफची, म्हणजे केंद्राच्या आपत्ती दलाची, सहावी बटालियन आहे, म्हणजे हालोल रोडवर, तसं हाकेच्या अंतरावरच, पण शहरभर एकाच वेळी हाका चालू असल्यावर ते तरी किती ठिकाणी पुरणार. दोन घरं सोडून एक बाळंतीण होती तिला घेऊन गेले. आम्हाला दुधाच्या पिशव्या दिल्या.

खरी गंमत पाणी उतरल्यावर. घरात टाचभर चिखल, मिक्सरच्या भांड्यात चिखल, आणि सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत गटाराचं पाणी शिरलेलं. आम्हाला हवा होता एक पंप, प्यायचं पाणी, फिनेल आणि फावडी. तेवढ्यात एक टेम्पो आला. तीनशे ब्लँकेटं. ऑगस्टमध्ये, बडोद्यात, घामाच्या धारा लागलेल्या असताना. त्यातल्या मुलाला म्हटलं अरे बाबा पंप आहे का कुठे, तर तो बिचारा इतका दमलेला, म्हणाला, मासी, लई लो ने, शियाळामां काम आवशे, म्हणजे घ्या हो, हिवाळ्यात उपयोगी पडतील. घेतली मग चार. कोणी मनापासून आणलेलं परत कसं करणार?

मोबाईल चार्ज झाल्यावर पहिला फोन भाच्याचा, तो जर्मनीत असतो, कोलोनजवळ. मावशी, तुम्ही लोक बाहेरच्या देशांकडून मदत का मागत नाही? मी म्हटलं अरे आमच्या सोसायटीला कोण विचारतंय. पण तो 2021 च्या जुलैमध्ये तिथे होता, आर नदीच्या खोऱ्यात पूर आला तेव्हा, जर्मनीत 180 च्या वर माणसं गेली त्यात. तो म्हणाला शेजारी बेल्जियममध्ये त्याच आठवड्यात पाणी भरलं तर त्यांनी युरोपियन युनियनच्या ब्रुसेल्समधल्या कंट्रोल रूमला कळवलं आणि फ्रान्स, इटली, ऑस्ट्रियाचे लोक बोटी घेऊन आले. एवढे श्रीमंत देश, त्यांनाही मागताना लाज वाटली नाही हे मला जरा नवलच वाटलं.

मग मी वाचत बसले (चिखल काढून काढून कंबर गेली होती, दुसरं करणार काय). युरोपात 2001 पासून ही सिस्टीम आहे. मदत हवी असेल त्या देशाने आधी काय हवं ते सांगायचं, मग बाकीचे आपल्याकडे काय आहे ते सांगतात, आणि घ्यायचं की नाही हे परत मागणाऱ्यानेच ठरवायचं. आणि मदत म्हणजे नुसतं "मोठा पंप" नाही, त्याची व्याख्या लिहून ठेवलीय. तासाला कमीत कमी 1,000 घनमीटर पाणी उपसलं पाहिजे, म्हणजे दहा लाख लिटर. होकार मिळाल्यापासून बारा तासांत निघायची तयारी पाहिजे आणि तीन आठवडे थांबता आलं पाहिजे. आणि मला सगळ्यात आवडलेलं हे, की टीमने आपला तंबू आणि आपलं जेवण बरोबर आणायचं, पूरग्रस्तांच्या डोक्यावर पाहुणे म्हणून बसायचं नाही. आमच्याकडे एक फोटोवाले आलेले त्यांनी चहा मागितला होता.

असेच पंप 2014 च्या मे महिन्यात सर्बिया आणि बोस्नियात गेले, सावा नदीला पूर आला तेव्हा. बोस्नियात तर जुन्या युद्धातले सुरुंग पाण्याबरोबर आणि दरडींबरोबर जागा सोडून सरकले. आम्हाला मगरींचं कौतुक!

पण सगळीकडे असं वेळेवर होत नाही हो. मोझांबिकमध्ये 2000 साली लिंपोपो नदीला पूर आला, लोक दिवसेंदिवस झाडांवर, आणि सुरुवातीला जवळजवळ सगळा भार दक्षिण आफ्रिकेच्या मोजक्या हेलिकॉप्टरांवर. एक बाई झाडावरच बाळंत झाली आणि मग तिला नि बाळाला वर उचललं. लांबच्या देशांची हेलिकॉप्टरं पोचेपर्यंत कितीतरी दिवस गेले. पाकिस्तानात 2022 ला 1,700 च्या वर माणसं गेली, सव्वातीन कोटींवर लोकांना फटका, मग जानेवारी 2023 मध्ये जिनिव्हात बैठक होऊन नऊ अब्ज डॉलरच्या वर वचनं मिळाली, पण त्यातलं बरंचसं कर्ज. कर्जाला मदत म्हणायचं असेल तर आमची बँक फारच दयाळू म्हणायची.

आणि आपलं? 2018 ला केरळचा पूर आठवा. यूएई 700 कोटी देणार अशी बातमी आली, मग त्यांच्याच राजदूतांनी सांगितलं की आकडा काही ठरलेला नाही, आणि इकडे केंद्राने परदेशी सरकारांना आभार मानून नको म्हटलं. 2004 च्या त्सुनामीपासून धोरण साधारण तसंच आहे, आपण जगाकडे हात पसरत नाही. देतो मात्र पटकन. 2019 मध्ये मोझांबिकमध्येच इडाई वादळानंतर बैरा शहराशी सगळ्यात आधी पोचली ती आपली जहाजं, सुजाता, शार्दूल आणि सारथी. वाचून छाती फुगली हे खरं, पण डोक्यात तोच टेम्पो फिरत होता. न मागण्यात मान असेल, मला त्यातलं राजकारण कळत नाही, फक्त एवढं कळतं की कोणीच काही मागितलं नाही की ज्याच्याकडे जे पडलेलं असतं ते येतं. आमच्या सोसायटीत साठ घरं आणि एकालाही सुचलं नाही की व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी टाकाव्या, पंप हवा, पाणी हवं, कपडे नकोत. मलाही नाही सुचलं. मी तेव्हा श्रीखंडाच्या डब्याचं दुःख सांगत होते सगळ्यांना.

भाच्याला शेवटी म्हटलं, पैसे पाठवतोस तर पाठव, पण मी सांगते त्याच गोष्टीला. त्याच्या पैशातून दिवाळीच्या आधी टाकी साफ करून घेतली, आतून सहा बादल्या गाळ आणि कोणाची तरी एक चप्पल निघाली. आता जिन्याखाली बोर्डावर यादी लावलीय, डिझेल पंप कोणाकडे, मगर दिसली तर कुठे फोन, कोणाकडे इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं, वर कोणाकडे किती माणसं मावतील. खाली पटेलकाकांनी पेनाने गुजरातीत लिहिलंय, धाबळा नहीं, म्हणजे ब्लँकेटं नकोत. डिझेल पंपाच्या पुढची जागा मात्र अजून रिकामीच आहे, वर्गणी चाळीस घरांची आलीय, वीस जण म्हणतात बघू, एवढं पाणी काय दरवर्षी येतं का.