तुम्ही विचारलंत म्हणून: उंदराच्या लघवीत एवढं आहे तरी काय?

लग्नात, आरतीनंतर प्रसाद घेताना, एकदा तर बडोद्याच्या रावपुऱ्यात सेवउसळ खाता खाता, मला हाच प्रश्न येतो, की तू त्या लॅबमध्ये दिवसभर उंदरांची लघवी कशाला गोळा करत बसतेस. (गणपतीच्या वाहनावरचा जोक आमच्याकडे सगळ्यांचा करून झालाय, प्लीज नको.) माझी पीएचडी उंदराच्या लघवीतल्या एका प्रोटीनवर आहे, आता एकदाच नीट सांगते.

सुरुवात आमच्या काकांपासून, कारण त्यांनीच सगळ्यात जास्त वेळा विचारलंय. काकांना डायबिटीस, आणि दोन वर्षांपूर्वी युरिन रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) दोन प्लस आलं तेव्हा दांडिया बाजारच्या आमच्या घरात सुतक पडल्यासारखं झालं होतं. माणसाच्या लघवीत प्रोटीन दिसलं की किडनी बिघडली का ते बघावं लागतं. आणि इकडे माझा उंदीर, एकदम ठणठणीत, रोज लघवीतून प्रोटीन सोडतोय, नर असेल तर एका मिलीलीटरमध्ये कित्येक मिलिग्रॅम! जेलवर चालवलं, म्हणजे प्रोटीन्स आकाराप्रमाणे वेगळी केली, की 19 किलोडाल्टनच्या (हे प्रोटीनच्या वजनाचं माप) आसपास असा जाड पट्टा येतो की बाकी काही बघावंसंच वाटत नाही. मादीचा पट्टा बारीक.

हे गळत नाही, मुद्दाम पाठवलं जातं. लिव्हर ते बनवतं, रक्तात सोडतं, आणि अल्ब्युमिनच्या मानाने ते इतकं लहान असतं की किडनीच्या गाळणीतून निघून जातं. नाव मेजर युरिनरी प्रोटीन, आम्ही नुसतं मप म्हणतो. उंदराच्या 4 नंबरच्या क्रोमोसोमवर याची 21 चालू जीन्स एकाला एक लागून बसलीयेत, मधेमधे बंद पडलेल्या कॉप्या. प्रोटीनच्या पोटात एक पोकळी असते, त्यात वासाचा छोटा रेणू बसतो आणि हळूहळू सुटतो, म्हणजे आजोबा कानात अत्तराचा फाया ठेवायचे ना, अगदी तसं, उंदीर निघून गेला तरी त्याचा वास मागे राहतो, आणि कोणत्या उंदरात कोणते मप किती यावरून दुसऱ्याला कळतं की हा कोण. यातल्या एकाचं नाव तर डार्सिन आहे, इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या संशोधकांनी 2010 मध्ये जेन ऑस्टिनच्या कादंबरीतल्या मिस्टर डार्सीवरून ठेवलं, कारण मादी त्याच्यामुळे नराकडे ओढली जाते. नंतर कळलं की त्याचा वास कुठे आला होता ती जागासुद्धा ती लक्षात ठेवते. 2010 मध्येच अजून एक कळलं, मांजर आणि रॅट म्हणजे मोठा उंदीर यांच्याकडची याच कुटुंबातली प्रोटीन्स हुंगली की लॅबमध्ये जन्मलेला, मांजर कधी बघितलंच नाही असा उंदीरपण घाबरतो. मला हे डार्सिनपेक्षा जास्त भारी वाटतं.

काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, ठीक आहे, पण माझ्या शुगरचं काय? गंमत म्हणजे तेही आहे. लठ्ठ, डायबिटिक उंदरांच्या लिव्हरमध्ये मप-1 खूप कमी होतं आणि ते वाढवलं तर शुगर सुधारते, असे पेपर 2009 मध्ये आले. "मग दे ना मला!" नाही देता येत काका, माणसात या जीनची एकच कॉपी आहे आणि तीही मोडकी, आपलं लिव्हर मप बनवतच नाही, त्यामुळे उंदरात दिसलं ते तुमच्यात तसंच होईल असं धरून चालता येत नाही.

आपल्या शरीराला हे प्रोटीन परकं आहे, आणि ते मला अंगावर शिकायला मिळालं. आमच्या ॲनिमल हाऊसचा एक्झॉस्ट महिनाभर बंद होता, तीन वेळा सांगूनही कोणी ढुंकून बघितलं नाही, आणि मी नरांचे पिंजरे बदलत होते, वाळलेल्या लघवीचा भुसा नाकातोंडात. आधी शिंका, मग डोळे लाल, मग रात्री छातीत शिट्टी वाजायला लागली. ॲलर्जीच्या डॉक्टरांनी हातावर टोचून बघितलं, उंदराच्या अर्काच्या थेंबाखाली ही एवढी गांधी. उंदराच्या ॲलर्जीतला मुख्य दोषी म्हणजे हेच मप, ज्यावर मी पीएचडी करतेय!

आता उंदीर ज्युनिअर पकडतो, मी जेल चालवते, पिंजऱ्यांच्या खोलीत गेलेच तर एन-95 लावून.

परवा काकांचा नवा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला. अल्ब्युमिन एक प्लस, खाली लिहिलंय, "उंदराएवढं नाही ना?" नाही काका. पण किडनीच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलीये, गुरुवारी मी येते सोबत.