रेडिएटरच्या पंख्यासाठी डॅशबोर्डवर बसवलेला स्विच

माझ्या जुन्या गाडीतील रेडिएटरचा पंखा थर्मोस्विचवर चालतो. रेडिएटरच्या टाकीत आट्यांवर बसवलेला हा लहानसा पितळी भाग पाण्याचे तापमान साधारण ९२ ते ९५ अंश सेल्सिअसला पोचले की आतले संपर्क जोडतो आणि पाणी पाच-सात अंशांनी उतरले की ते तोडतो. एकदा वाहतुकीत अडकलो असताना तापमानाचा काटा नेहमीची जागा सोडून वर सरकू लागला, तरी पंख्याचा आवाज काही येईना. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केले, थर्मोस्विचचा प्लग उपसला, त्याच्या दोन टोकांमध्ये वायरीचा उघडा तुकडा अडकवला आणि चावी फिरवताच पंखा फिरू लागला. म्हणजे पंखा, फ्यूज आणि रिले (थोड्याशा विजेवर चालून मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) शाबूत होते, बिघाड फक्त थर्मोस्विचचा होता. तो तुकडा तसाच ठेवून घरी पोचलो, आणि असा प्रसंग पुन्हा आला तर बॉनेट उघडावे लागू नये म्हणून डॅशबोर्डवर एक स्विच हवाच, असे ठरवले.

पहिल्या प्रयत्नात मी मोठी चूक केली, हे आधीच सांगतो. रिलेच्या वाटेला न जाता बॅटरीपासून डॅशबोर्डवरच्या स्विचपर्यंत आणि तिथून पंख्यापर्यंत एक चौरस मिलिमीटर जाडीची वायर सरळ ओढली. पंखा फिरला, पण दहा-पंधरा मिनिटांत प्लास्टिक तापल्याचा वास आला आणि स्विचला बोट लावता येईना. नंतर हिशेब केला तेव्हा कारण उघड झाले. पंखा सुमारे १५ अँपिअर घेतो आणि सुरू होतानाच्या क्षणी त्याच्या दुप्पट-तिप्पट, तर माझा स्विच जेमतेम १० अँपिअरचा होता. त्या जाडीच्या पाच मीटर तांब्याच्या वायरीचा रोध सुमारे ०.०८६ ओहम भरतो, त्यामुळे वाटेतच १.३ व्होल्ट गळत होते आणि जवळपास १९ वॉट उष्णता गालिच्याखाली तयार होत होती. पंखाही त्या प्रमाणात मंद फिरत होता, म्हणजे धोका पत्करूनही काम अर्धवटच होत होते.

खरे तर सगळे जड काम करायला गाडीत रिले आधीपासून होताच. त्याच्या ३० क्रमांकाच्या पायाला बॅटरीकडून ३० अँपिअरच्या फ्यूजमधून वीज येते आणि ८७ क्रमांकाच्या पायातून ती पंख्याकडे जाते. ८५ आणि ८६ हे कॉइलचे, म्हणजे वीज मिळताच रिलेचे संपर्क जोडणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचे, पाय आहेत. माझ्या गाडीत कॉइलच्या एका टोकाला इग्निशनची वीज आहे आणि दुसरे टोक थर्मोस्विचमधून अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला, जाते. म्हणून थर्मोस्विचकडे जाणाऱ्या त्या वायरीला एक बारीक फाटा जोडून तो डॅशबोर्डवरच्या स्विचपर्यंत आणला आणि स्विचचे दुसरे टोक बॉडीला अर्थ केले, एवढेच काम उरले. कॉइल ०.२ अँपिअरच्या आतबाहेर घेते, त्यामुळे साध्यात साधा स्विचही पुरतो. ही वायर कुठे घासून पत्र्याला टेकली तरी फार तर पंखा फिरत राहील, आग लागणार नाही, आणि मला या जोडणीतला हाच गुण सर्वांत मोलाचा वाटतो. तरीही फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, भोकातून वायर नेताना रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेवर बसणारी कडी) बसवलेच, कारण पत्र्याची कडा कधी ना कधी वायर कापतेच.

मात्र ज्या गाड्यांमध्ये पंख्याचा वेग संगणक ठरवतो, तिथे सर्किटचा नकाशा हाती असल्याशिवाय असा फाटा जोडू नये.

हा स्विच थर्मोस्विचला समांतर आहे, त्याच्या जागी नाही. दोघांपैकी कोणीही पंखा चालू करू शकतो, पण माझा स्विच पंखा बंद करू शकत नाही. तीन स्थितींचा स्विच बसवून ‘पूर्ण बंद’ची सोय ठेवावी, असे काही जण सुचवतात. साचलेल्या पाण्यातून जाताना फिरती पाती वाकून रेडिएटरला लागू नयेत, हे त्यांचे कारण खरे आहे. परंतु ती स्थिती परत बदलायला विसरणारा माणूस मी स्वतः आहे, आणि त्या विसराळूपणाची किंमत इंजिन तापून हेड गॅस्केटला (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांमधल्या सीलला) मोजावी लागते.

स्विचशेजारी एक हजार ओहमच्या रोधासह लाल एलईडी लावला. सुरुवातीला तो कॉइलच्या बाजूने जोडला होता, पण एकदा पंख्याचा फ्यूज उडालेला असतानाही तो दिमाखात पेटलेला दिसला, कारण कॉइलला वीज मिळत होती आणि पंख्याला नव्हती. म्हणून आता त्याची वायर ८७ क्रमांकाच्या पायावरून, एक अँपिअरच्या वेगळ्या फ्यूजमधून आणली आहे. मोटरच जळाली तर हा दिवाही फसवेल, एवढी त्रुटी त्यात उरतेच.

थर्मोस्विच नवा बसवल्यापासून मी स्विच क्वचितच दाबतो. पुढे वाहतूक तुंबलेली दिसली की काटा हलण्याआधी पंखा लावून ठेवतो, इतकेच. मोकळ्या रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगाला समोरची हवाच रेडिएटर थंड ठेवते आणि पंख्याची गरज पडत नाही. पण अशा वेळी स्विच बंद असूनही एलईडी अगदी मंद पेटलेला दिसतो. पहिल्यांदा हे पाहून मी रिले चिकटला की काय म्हणून गाडी थांबवली, आणि गाडी थांबताच दिवा विझला. वाऱ्याने फिरणारी पंख्याची मोटर त्या वेळी जनित्राचे काम करत होती.